हात दिसला पाहिजे

आमच्या कारखान्याच्या शहरात सिव्हिक सेंटरजवळच्या एका दुकानात मी गाडीचा हॉर्न बदलायला गेलो होतो. तिथल्या पन्नाशीच्या मिस्त्रीचं नाव मी विचारलं नाही. तो एका उघड्या टपाच्या लाल स्पोर्ट्स कारला रस्ता दाखवणारं जीपीएस बसवत होता. मालकाला मोठा पडदा हवा होता. मिस्त्रीनं दोन यंत्रं उन्हात धरून दाखवली. मोठ्यात नुसतं आभाळ चमकलं, म्हणून छोटं ठरलं.

ते काचेच्या मधोमध लावा, असा मालकाचा हट्ट. मिस्त्रीनं लावलं, मालकाला आत बसवलं आणि स्वतः गाडीपुढे जाऊन हात वर केला. "साहब, मैं दिखता हूँ?"

"नहीं."

त्यानं यंत्र काढून खाली सरकवलं आणि पुन्हा पुढे जाऊन हात वर केला. असं चारदा झालं, मग तो दिसला.

न राहवून मी विचारलं, "इतकं कायले करता, भाऊ?"

"प्लांटात खलासी होतो ना मी. क्रेनखाली उभा राहून हातानं इशारा द्याचो. वरच्याले माया हात नाही दिसला, त माल मायाच डोक्यावर. रस्ता चुकला त वापस येता येते, माणूस गेला त नाही."

गाडी सुरू झाली. मालक पडद्यावर बोट फिरवत होता. मिस्त्री हात वर करून बंपरसमोरच उभा राहिला. मालकानं मान वर करून पाहिलं, तेव्हा कुठे तो बाजूला झाला.

माझा हॉर्नही लागला होता. निघताना मी तो वाजवला नाही. तो मिस्त्री कुठे उभा आहे, ते आधी पाहिलं.