नऊ फुटांवरची गाठ

गालाक्सिदी या बंदरगावात कुंपणावरून कुणाचं वाजलं, की लोक अनाग्नोस्तिस मिस्त्रीला बोलावणं धाडत. मिस्त्री यायचा तो खांद्यावर दोरी टाकून. दोरीला दोन गाठी, एक पाच फुटांवर नि एक नऊ फुटांवर. शेजाऱ्याच्या हद्दीपासून अंजीर आणि ऑलिव्ह नऊ फूट लांब, बाकीची झाडं पाच. सालोनिका शहरातल्या एका न्यायाधीशानं सहाशे वर्षांपूर्वी आपल्या ग्रंथात तसं लिहून ठेवलं होतं. तुर्क आले नि गेले, राजे आले नि पळाले, कायदा मात्र त्या ग्रंथातलाच चालत राहिला. मिस्त्रीची अक्षरओळख बेताचीच. लहानपणी पाद्रीबाबांनी ते पान वाचून दाखवलं, तेवढं त्याला पाठ. न्यायाधीशाला तो 'आमचा म्हातारा' म्हणायचा, जणू आत्ताच त्याच्याबरोबर कॉफी पिऊन आलाय. काय दिवस होते ते! मिस्त्रीनं दोरी ताणली, की जहाजांचे कप्तानसुद्धा गप्प बसत.

माणूस सरळ, पण सरळपणाचाही कधी कधी राग येतो. शेजारच्या आसिमोनं मुलगा झाला तेव्हा ऑलिव्ह लावलं होतं. तिच्या पलीकडच्या शेजाऱ्यानं तक्रार केली, मिस्त्रीनं दोरी लावली आणि एक फूट कमी भरलं. म्हाताऱ्याचा शब्द म्हणजे शब्द. झाड मुळासकट निघालं. पुढे तो मुलगा जहाजावर गेला, तो परत आलाच नाही. आसिमो त्या झाडाबद्दल कधी अवाक्षर बोलली नाही.

आणि खुद्द मिस्त्रीच्या अंगणातलं अंजीर तिच्या हद्दीपासून सातच फुटांवर होतं. त्याची बायको झाम्बेता अंथरुणाला खिळलेली. खिडकीतून दिसेल असं एक झाड हवं, म्हणाली. नऊ फुटांवर खडक लागला. दोन फुटांनी काय बिघडतं, असं त्यानं आयुष्यात एकदाच मनाला समजावलं. पहिली अंजिरं खाऊन झाम्बेता गेली.

एकोणीसशे सेहेचाळीसच्या फेब्रुवारीत एका सकाळी कॉफीच्या दुकानात बातमी आली. उद्यापासून नवा कायदा, म्हाताऱ्याचा ग्रंथ बंद.

"मिस्त्री, आता त्या दोरीवर कपडे वाळत घाला," कुणीतरी म्हणालं.

मिस्त्री अर्धा कप तसाच सोडून उठला. घरून दोरी आणि करवत घेऊन तो आसिमोच्या दारात उभा राहिला.

"आसिमो, माझं अंजीर सात फुटांवर आहे."

"ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"लावलंत त्या दिवसापासून. मला काय डोळे नाहीत?"

"मग बोलली का नाहीस? तुझं झाड तर मी एका फुटासाठी..."

"झाम्बेता खिडकीतून बघायची ना."

मिस्त्रीनं करवत पुढे केली. "आज म्हाताऱ्याचा शेवटचा दिवस. तू तोड म्हण, मी तोडतो. उद्या कुणी विचारणार नाही, आणि मग मी मरेपर्यंत चोरच."

आसिमोनं करवत त्याच्या हातातून घेऊन भिंतीला टेकवली. "आधी मोजा तरी."

दोरीचं टोक तिनं धरलं. दुसरं घेऊन तो बांध ओलांडून आपल्या अंगणात गेला. दोरी ताणली तर नऊची गाठ बरोबर बुंध्याला लागली. हे कसं, म्हणून त्यानं वळून पाहिलं. आसिमो हद्दीच्या दगडापाशी नव्हतीच. ती दोन फूट मागे, स्वतःच्या कांद्याच्या वाफ्यात पाय रोवून उभी होती.

"भरले नऊ," ती म्हणाली. "आजपासून हद्द इथं. सांगा तुमच्या म्हाताऱ्याला."

मिस्त्रीला तिचं ऑलिव्ह आठवलं. एकच फूट कमी होतं. बाबा रे, तू फूटभर मागे सर, एवढं त्या शेजाऱ्याला म्हणून बघायचं त्याला तेव्हा सुचलंच नव्हतं.