तात्याबाचा फेटा आणि माझी हरकत

तात्याबा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी जामखेडच्या कोर्टात उभा होतो. खोटं कशाला लिहू... डोळ्यांत पाणी यायच्या आधी मनात आलं, आज पुन्हा सगळा गाव त्याच्याच दारात जमणार. आम्ही एका बाकावर शिकलो. मी वकील झालो, तो शेतीच करत राहिला, तरी लोक सल्ला विचारायला त्याच्याच ओट्यावर जाऊन बसत. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

दुसरं महायुद्ध संपलं त्या सुमारास जिल्हा लोकल बोर्डाच्या एका जागेला आम्ही तिघं उभे राहिलो. तात्याबा, मी आणि एक आडतवाले शेठ. दर उमेदवाराची मतपेटी वेगळ्या रंगाची. शेठची हिरवी, माझी पिवळी, तात्याबाची तांबडी. आणि त्याच्या डोक्यावर तर वर्षानुवर्षं तांबडाच फेटा! मी लगेच हरकतीचा अर्ज ठोकला, की पेटीचा रंग डोक्यावर मिरवणं हा प्रचार आहे. निवडणुकीच्या साहेबांनी तो मान्य केला. कापड रेशनवर, दुसरा फेटा आणणार कुठून? मतदानाला तात्याबा बोडक्यानेच आला आणि मी गालातल्या गालात हसलो. आमच्याकडे माणूस बोडक्याने बाहेर पडतो तो घरात कोणी गेलं तरच, हे मात्र माझ्यासारख्या शहाण्याच्या ध्यानात आलं नाही.

"तात्याबा, कोन गेलं रं?" एका म्हातारीने गळाच काढला.

"कुनी न्हाई गं मावशे. वकिलाच्या हरकतीनं फेटा उतरवलाय."

तो प्रत्येकाला हेच खरं सांगत होता आणि कोणाचाही विश्वास बसत नव्हता. "दुःख गिळून हुबा हाय गडी," म्हणत लोक तांबड्या पेटीकडे वळले. तात्याबा निवडून आला. मी शेठच्याही मागे, तिसरा.

त्यानंतर तो माझ्याकडे आला की दारातच फेटा उतरवून ओसरीतल्या खुंटीला अडकवायचा. "वकील, हरकत हाय का अजून?" मी विषय बदलायचो. 'नाही' एवढं म्हणायला जीभ रेटत नसे... म्हटलं तर तो पुन्हा जिंकेल, असं वाटायचं. शेवटच्या आजारात भेटायला गेलो तेव्हाही त्याने तेच विचारलं. मी औषधाची चौकशी केली.

अंत्ययात्रेला सगळा गाव बोडका होता. तात्याबाच्या थोरल्या मुलाने तांबडा फेटा माझ्यापुढे धरला. "काका, आबास्नी बांदू का? आबा म्हनले हुते, वकिलाला इचारून बांदा."

"बांध," मी म्हणालो. "हरकत नाही." ज्याने ऐकायचं तोच नव्हता.

महिना झाला. ओसरीतली ती खुंटी मी मोकळीच ठेवली आहे. माझी टोपी शेजारच्या खुंटीला असते. येणारा माणूस मात्र आधी त्या मोकळ्या खुंटीकडेच बघतो... आणि मला अजूनही राग येतो.