दुखणं तिचं, तपासणी माझी

आम्ही दोघी जुळ्या, अगदी एकसारख्या. लग्न होऊन ती या हिंदी भाषक शहरातल्या दौलतगंजात गेली, मी दाना ओली नावाच्या गल्लीत. दोन्ही घरं पायी जाण्याच्या अंतरावर. आजही तिचा भाजीवाला मला पाहून, न विचारताच मेथी तोलायला लागतो.

गेल्या थंडीत तिचा जबडा दुखायला लागला. जिना चढली की दुखायचा, बसली की थांबायचा. दातांच्या डॉक्टरांनी एक दाढ काढली, तरी दुखणं राहिलंच. मग एका सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालताना तिला दरदरून घाम फुटला आणि ती तिथेच खाली बसली. हॉस्पिटलात कळलं, दाताचं काही नव्हतंच. हृदयाची एक धमनी चरबी साचून जवळजवळ बंद झाली होती. त्याच दिवशी स्टेंट घातला.

डॉक्टर बाहेर आले आणि मला पाहून थबकलेच.

"आप जुड़वाँ हैं?"

"जी."

"पिताजी को हार्ट की तकलीफ़ थी?"

होती. आम्ही शाळेत असतानाच बाबा छातीत कळ येऊन गेले होते.

"तो आप भी जाँच करवा लीजिए. टालिए मत."

मी टाळलीच. बहीण घरी येऊ दे, मग बघू, असं नवऱ्याला सांगत राहिले. पण जीव थाऱ्यावर नव्हता. जिना चढताना मधेच थांबून मी आपला जबडा दाबून बघायची. दुखतोय का? दुखतोय असं वाटलं की दुखायचाच. कुकरच्या शिट्ट्या मोजायला विसरायची. कोणी "बस गं जरा" म्हटलं की राग यायचा.

शेवटी बहिणीनेच मला धरलं. पलंगावर उशीला टेकून म्हणाली, "मी दाढ काढून घेऊन आले, तू काय काढणारेस? उद्या जा. नाहीतर मी उठून येते बघ."

सीटी स्कॅन झाला. तीच धमनी, जवळपास तीच जागा. साचलं होतं, पण पुष्कळ कमी. गोळ्या आणि चालणं, एवढ्यावर भागणार होतं. मला हायसं वाटायला हवं होतं. उलट, माझं एवढ्यावर निभावलं हे तिला कोणत्या तोंडानं सांगू, या विचाराने मी तिच्या गल्लीच्या तोंडाशीच येरझारा घालत राहिले.

पुढच्या तपासणीला आम्ही दोघी बरोबर गेलो. माझी बातमी तिने शांतपणे ऐकली होती, डॉक्टरांना मात्र सरळ विचारलं, "हम दोनों का शरीर तो एक ही है न? फिर मेरा इतना ज़्यादा क्यों?"

ते म्हणाले, आईवडिलांकडून आलेलं दोघींना सारखंच आलंय. पुढे खाणं, धावपळ, काळज्या, घरातली हवा यांनी फरक पडतो. नेमकं कशामुळे किती, ते सांगता येत नाही. मग विचारलं, "घर में कोई सिगरेट पीता है?"

मागे उभे असलेले तिचे यजमान खाली बघू लागले. अख्खं आयुष्य ते पलंगावर बसून सिगरेट ओढत आले होते, थंडीत तर खिडक्या बंद करून.

ती तिथून त्यांच्या घरी गेलीच नाही, माझ्याकडे आली. भांडण नाही, रडणं नाही. म्हणाली, "जोवर त्या खोलीत धूर आहे, तोवर मी इथे."

भाऊजी रोज संध्याकाळी यायचे, चहा घ्यायचे, एकटेच परत जायचे. पहिल्यांदा म्हणाले, "बाहेर जाऊन ओढत जाईन." ती म्हणाली, "शर्टाला येतो तो वास कुठे बाहेर राहतो?" मला मधल्यामधे गुदमरायला व्हायचं. कधी त्यांची दया यायची, कधी ती कायमची राहिली तर, असं वाटून मनातून बरंही वाटायचं.

होळीच्या आसपास एक दिवस ते आले ते चिडचिडलेले, डोळे लाल, हात सारखा रिकाम्या खिशाकडे जाणारा. तिने जवळ जाऊन त्यांच्या बाहीचा वास घेतला. मग आत येऊन पिशवी भरू लागली.

"परत सुरू केली तर?" मी विचारलं.

"मग परत येईन. तू चालायला जातेस ना रोज? मला घेऊन जात जा."

आता सकाळी मी तिला घ्यायला जाते. ती मुद्दाम भरभर चालते, आणि मी तिच्या मागे, तिच्या श्वासाकडे कान लावून.