मामांचे पक्के आणि कच्चे

मी आज पदवीधर आहे तो माझ्या धाकट्या मामांमुळे. आणि कॅरम त्यांच्याइतका मनावर घेणारा माणूस साऱ्या पाथर्डी तालुक्यात झाला नाही, होणारही नाही. वडील लवकर गेल्याने मी त्यांच्याकडेच वाढलो. बाजारपेठेत त्यांची एक खोली होती, तीत डावामागे पैसे घेऊन खेळायला दिलेले दोन कॅरम. बोर्डावरची पावडर ते मामीच्या पिठाच्या चाळणीने गाळत आणि स्वतःचा स्ट्रायकर मलमलीत गुंडाळून खिशात बाळगत. मावशीच्या लग्नात अक्षता म्हणून त्यांनी खिशातून तोच भिरकावला आणि तो थेट नवरदेवाच्या फेट्यावर बसला! "लागलं का वो?" मामा कळवळून धावले. नवरदेव "न्हाई, न्हाई" म्हणत राहिला. मामा खाली वाकून स्ट्रायकरची कड तपासत होते.

खेळायला येणाऱ्यांचे त्यांनी दोन वर्ग पाडले होते. पक्के चौघेच, आणि पोस्टमन त्यांचा म्होरक्या. एका सोंगटीवर ते अर्धा तास विचार करत आणि कोणी शिंकले तर डाव पहिल्यापासून मांडत. बाजाराला आलेली बाकीची सगळी दुनिया कच्ची. एकदा एक शेतकरी भजी खात आत आला.

"पाव्हनं, आदी हात धुवा."

"आवो, कॅरम खेळायचाय, सत्यनारायन न्हाई घालायचा!"

मामांनी त्याला आणि त्याच्यासोबतच्या जीपभर माणसांना बाहेर काढले.

मी मॅट्रिक झालो, नगरच्या कॉलेजात जायचे ठरले, तेव्हा मात्र पंचाईत झाली. माझी फी निघणार ती या खोलीतूनच, आणि पक्के तर दिवसभर एकच डाव खेळत बसायचे. पुढच्या बाजारी मामांनी दार सताड उघडले. तेलकट हात, पाची बोटांनी ढकललेला स्ट्रायकर, राणी गेली की छप्पर उडेल असा आरडाओरडा, सगळे चालले. मामा तेवढे बोर्डाकडे पाठ करून रस्त्याकडे बघत उभे.

पोस्टमन भडकला. "गड्या, ह्यो कॅरम न्हाई, जत्रा हाय!"

"व्हय, जत्रा हाय," मामा मागे न वळता म्हणाले. "पर भाचा कालेजात चाललाय."

पक्के उठून गेले ते पुन्हा आले नाहीत. मामा मात्र दर बाजारी दार उघडत राहिले. शाळेत नोकरी लागली त्या दिवशी मी त्यांना पत्र लिहिले:

"ती. मामांस शि. सा. न. बी.ए. झालो, नोकरीही लागली. आता माझ्यासाठी कोणाला आत घेऊ नका. दार लावा आणि मनासारखा डाव मांडा. समोर बसायला कोणी उरले नसेल, तर रविवारी मी येतो. मला अजूनही नीट खेळता येत नाही. तेवढे चालवून घ्या."