सुविधेचे चौदाशे

बाबा मिलमध्ये फोल्डिंग खात्यात होते. तयार कापडाची घडी घालायची आणि थानाच्या, म्हणजे ताग्याच्या, किनारीवर मीटरामीटराला भावाचा शिक्का मारायचा, हे त्यांचं काम. कर वेगळा लागणार असेल तर तेही शिक्क्यात छापलेलं असायचं आणि बाबांना त्याचा केवढा अभिमान! दिवाळीला आमच्या फ्रॉकचं कापड आलं की ते आधी किनार उलटून शिक्का वाचत. तोपर्यंत आई कात्रीला हात लावत नसे.

मी दहावीत असताना मिल बंद पडली. बाबा आमच्या हिंदी मुलखातल्या शहरातच, परदेशीपुऱ्यातल्या एका कापडाच्या दुकानात लागले. मालकानं पहिल्याच दिवशी सांगितलं, "बाबूजी, पहले फाड़ दो, टैक्स बाद में बोलना." फाडलेलं कापड गिऱ्हाईक परत कसं करणार? बाबांना ते जमेना. एका बाईंना त्यांनी कात्री लावण्याआधीच सगळी रक्कम सांगून टाकली, बाई उठून गेल्या आणि बाबांची नोकरीही गेली. मला तेव्हा त्यांचा भयंकर राग आला होता, कारण माझी फी भरायची राहिली होती. पुढे मात्र हाच किस्सा मी ज्याला त्याला छाती फुगवून सांगायला लागले.

मिलबरोबर बाबांची भाऊबीजही सुटली. आत्या पुण्याला. ओवाळणीच्या ताटात घालायचं काय, या लाजेपोटी ते जाईनासे झाले. आत्या फोनवर म्हणायची, "रिकाम्या हातानं ये, पण ये रे." बाबा दर वर्षी काहीतरी कारण काढत. मी कमावती झाले, घरात पैसा आला, तरी मोडलेली सवय काही परत लागली नाही. मग एका वर्षी आत्या अंथरुणाला खिळली आणि बाबा आपणहून म्हणाले, "बेटा, या भाऊबीजेला जाऊन येऊ. पण गाडीत इतके घंटे बसणं आता होणार नाही मला."

"मग विमानानं जाऊ!" मी ऐटीत म्हटलं.

रविवारी सकाळी मी कॉम्प्युटरपुढे बसले. बाबा चष्मा लावून शेजारी. तिकिटाचा आकडा त्यांनी मोठ्यानं वाचला, त्यांना तो पसंत पडला. मी नावं भरली, वयं भरली, त्यांच्यासाठी खिडकीची जागा धरली, कार्डाचा नंबर घातला. आणि शेवटच्या पानावर आकडा टुणकन वर गेला. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, कन्व्हीनियन्स फी.

"हे काय आलं मधेच?" बाबांनी विचारलं.

"सुविधा शुल्क."

"अरे वा! मग त्याच्यात व्हीलचेअर मिळेल ना? घुटने आजकाल साथ देत नाहीत."

माझं डोकंच फिरलं. "कसली व्हीलचेअर, बाबा! आपल्याच कार्डानं आपलेच पैसे भरायची सुविधा. माणशी साडेतीनशे, जाताना वेगळे, येताना वेगळे. चौदाशे रुपये! कापड फाडून झाल्यावर भाव सांगताहेत मेले."

बाबा पडद्याकडे बघत राहिले. "गलत तर आहेच," ते हळूच म्हणाले.

मला तेवढंच पुरलं. मी सगळं बंद केलं. या चोरांना एक पैसा द्यायचा नाही, उद्या एजंटकडून तिकिटं काढू, असं जाहीर करून चहा टाकायला उठले. बाबांसाठी लढल्याचं समाधान होतं मला. ते अजून तिथंच बसलेत, हे मी पाहिलं आणि त्याचा अर्थ लावला नाही.

दुसऱ्या दिवशी एजंटकडे गेले तर दिवाळीच्या गर्दीनं भाडं जवळजवळ दुप्पट झालेलं. माझा हट्ट आणखीच चढला. घरी येऊन म्हटलं, "दिवाळीनंतर जाऊ, बाबा. भाव उतरतील. आत्या काय कुठं पळून चालली आहे?"

हे मी म्हटलं. माझ्याच तोंडानं.

भाऊबीजेच्या संध्याकाळी आत्याला सुनेनं उशीला टेकवून बसवलं आणि तिनं खिडकीतूनच चंद्राला ओवाळलं. त्यानंतर आठव्या दिवशी ती गेली.

त्या दिवशी तिकिटं मी दोन मिनिटांत काढली. शेवटच्या पानावर आकडा बदलला असेलच, मी बघितला नाही. विमानतळावर व्हीलचेअर मागितली, तर ती फुकटच मिळाली. बाबा आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणार होते. मी खुर्चीशेजारून चालत होते.

तपासणीपाशी वर्दीतला माणूस म्हणाला, "बाऊजी, जेब खाली कर दीजिए." बाबांनी रुमाल काढला, चष्म्याचं घर काढलं, आणि मग शर्टाच्या आतल्या खिशातून एक पाकीट. त्याच्या कोपऱ्याला हळदकुंकू लावलेलं होतं. ते त्यांनी जपून प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये ठेवलं.

"हे काय, बाबा?"

"ओवाळणी. तू तिकीट काढायला बसलीस ना, त्याच दिवशी भरून ठेवली होती."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत? म्हणायचं, भरून टाक चौदाशे."

ट्रे सरकत पुढे गेला. बाबा त्याच्याकडे बघत होते.

"तू माझ्याच बाजूनं भांडत होतीस, बेटा," ते म्हणाले. "तुला कसं थांबवणार?"