आईचा अर्धा पिक्चर

आमच्या आईनं आयुष्यात एकच इंग्रजी पिक्चर पाहिला, आणि तोही अर्धा. ती शाळेत असताना तालुक्याच्या जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा. त्या वर्षी कोणत्या शहाण्यानं काउबॉयचा पिक्चर आणला कुणास ठाऊक, पण आणला. बायकांची बाजू दोरी बांधून वेगळी केलेली, आई तिच्या मावशीला चिकटून बसलेली. पडद्यावर उघडा माळ, कापडी छताच्या गाड्या, आणि पुरुष रसद आणायला कुठं तरी लांब गेलेले. मागं उरल्या बायका आणि पोरं. तेवढ्यात दरोडेखोर येतात. बायका गाड्यांचं रिंगण करतात, पोरं मधे घालतात आणि बंदुका हातात घेतात. बोललेलं एक अक्षर कळत नव्हतं, पण बंदूक कळायला इंग्रजी कशाला लागतं, असं आई म्हणायची. नेमकं तिथंच तंबूवाल्याचं इंजिन बंद पडलं. बाकीचा उद्या दाखवतो म्हणाला आणि सकाळी तंबू गुंडाळून पुढच्या जत्रेला निघून गेला.

त्या बायकांचं पुढं काय झालं हे आईला कळलंच नाही. मग तिनं ते स्वतःच रचलं आणि आम्हा दोघा भावंडांना झोपवताना सांगितलं. शेवट दर वेळी वेगळा असायचा. कधी त्या बायका दरोडेखोरांच्या डोळ्यांत मिरचीपूड टाकायच्या, कधी उकळतं पाणी ओतायच्या. अमेरिकेत मिरचीपूड कुठून आली, असं दादानं विचारलं की आई म्हणायची, "बायका प्रवासाला निघाल्या आणि तिखट घेतलं नाही, असं होईल का?" एक गोष्ट मात्र कधी बदलली नाही. त्यांच्या मदतीला कुणी यायचं नाही. आणि पुरुष? "ते आले की संध्याकाळी. जेवायला."

मी सातवीत असताना वडील गेले. त्यांच्या जागी आईला अनुकंपा तत्त्वावर नोकरी लागली. लहान पोरं घेऊन एकटी बाई कशी राहणार, असं म्हणत सगळे नातेवाईक गोळा झाले, आणि कशी राहते ते बघायला मग कुणी फिरकलं नाही. एक काका तेवढे आले. घरामागची मोकळी जागा आपल्या वाट्याची आहे असं त्यांचं म्हणणं. एका सकाळी ते मोजणीला चार माणसं घेऊन आले. आईनं फाटकात पाट टाकला, विळी मांडली आणि वाट अडवून भाजी चिरत बसली. एक शब्द बोलली नाही. गवारी संपली तशी आतून कांदे मागवले. कांदे संपले तेव्हा कोबी. मी आणि दादा आतून भाजी पुरवत होतो. माणसं उन्हात ताटकळली, काका ओरडून दमले आणि शेवटी निघून गेले. त्या दिवशी आमच्याकडं एवढी भाजी झाली की शेजाऱ्यांना वाटावी लागली. काका पुन्हा आले नाहीत.

ही गोष्ट मी सिंगापूरमध्ये किती लोकांना सांगितली असेल त्याला मोजमाप नाही. मी इथं संशोधक आहे, पुंगोल भागात राहते. आमची मराठी बौद्ध मंडळी महिन्यातून एकदा कुणाच्या तरी फ्लॅटवर वंदनेला जमतात आणि वंदनेनंतर जेवण होतं. कुणाचे आईवडील भारतातून आलेले असले की त्यांची ओळख करून द्यायची, आणि ती नुसत्या नावागावाची नाही. आमच्या लोकांत आईबापाचा संघर्ष सांगायची रीतच आहे. इथं पोचलेल्या प्रत्येकामागं कुणी तरी झिजलेलं असतं, आणि ते चारचौघांत सांगणं म्हणजे त्यांचं ऋण मानणं. मी तर त्यात पटाईत. आई आली की विळीची गोष्ट ठरलेली. "आमची आई म्हणजे वाघीण," असं मी म्हणायचे, लोक टाळ्या वाजवायचे आणि आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत खाली बघायची. मला वाटायचं, लाजते.

गेल्या वर्षी ती आली ते एक भांडण अर्धवट सोडून. ती सत्तरी ओलांडलेली, घरात एकटी, आणि आदल्या हिवाळ्यात न्हाणीघरात पाय घसरून पडलेली. शेजारणीला आवाज गेला म्हणून बरं. तेव्हापासून पुण्याहून दादा मागं लागला होता की घर विकू या, तू माझ्याकडं चल. आई म्हणायची, मी माझं घर सोडणार नाही. दर रविवारी त्याचा फोन यायचा, दर रविवारी तेच. मी अर्थातच आईच्या बाजूची. "दादा, तिला तिचं स्वातंत्र्य आहे. तिनं ते घर लढून राखलंय," असं मी त्याला ऐकवायचे. दादा म्हणायचा, "तुला तिथून बोलायला काय जातंय?" मला तो खडूसपणा वाटायचा.

माझी मुलगी आठ वर्षांची. आजी आल्यापासून रोज तिला त्या बायकांची गोष्ट हवी असायची. आजी मराठीत सांगायची आणि ही इंग्रजीत प्रश्न विचारायची, दोघींचं छान जमायचं. एकदा तिनं विचारलं, "बट आजी, रिअल एंडिंग काय आहे?" आजी म्हणाली, "ते कुणालाच माहीत नाही बाळा."

आता हे वाक्य माझ्यासमोर कुणी म्हणू नये. संदर्भ सापडेपर्यंत मला चैन पडत नाही. प्रयोगशाळेत माझ्या हाताखालची मुलं या खोडीला वैतागलेली आहेत. कुणी म्हणालं अमुक सिद्ध झालंय, की मी म्हणते, मूळ पेपर दाखव. आईला खोदून खोदून विचारलं. टोप्या कशा होत्या, मूल कशात ठेवलं होतं, गाड्या किती. तिला एक लाकडी खोकं आठवत होतं, त्यात तान्हं बाळ, आणि खोक्यावर झाकलेली बंदूक. मी फोनवर जुन्या पिक्चरांच्या जंगलात शिरले. जेवणाच्या सुट्टीत, बसमध्ये, मुलीच्या स्विमिंग क्लासबाहेर बसून. आणि एक दिवस ते खोकं सापडलं.

मी एखादा पुरस्कार मिळाल्यासारखी घरी आले. शनिवारी लिटिल इंडियात जाऊन आईच्या आवडीचा चिवडा आणला, पडदे ओढले, आईला सोफ्यावर मधे बसवलं. एका बाजूला मी दुभाषी, दुसऱ्या बाजूला नात.

आईनं पहिल्या पाच मिनिटांत ओळखलं. "ही बघ, उंच बाई. हिच्याकडंच बंदूक येते," असं ती आधीच सांगत होती. इतक्या वर्षांनीही तिची फार थोडी चूक झाली होती. मग रिंगण आलं. आईनं माझा हात धरला. "इथं. इथं बंद पडलं होतं." आणि पिक्चर पुढं सरकला.

बायका लढल्या, नाही असं नाही. एक मेली, उंच बाईच्या दंडाला गोळी लागली, पाणी संपलं, काडतुसं संपत आली. आणि मग लांबवर धूळ दिसली. घोडे. त्यांचे पुरुष परत आले होते. दोन मिनिटांत त्यांनी दरोडेखोर पिटाळले आणि वाजंत्री सुरू झाली. उंच बाईनं बंदूक खाली ठेवली आणि गाडीच्या चाकाला टेकून ती जमिनीवर बसली.

माझं डोकंच फिरलं. "काय फालतूपणा आहे! इतकं सगळं बायकांनी केलं आणि शेवटी श्रेय कुणाला, तर ह्यांना!"

"आजीची स्टोरी बेटर लाह," मुलगी इथल्या पोरांच्या सिंगापुरी ढंगात म्हणाली आणि चिवड्यातले शेंगदाणे वेचायला लागली.

आई टीव्हीकडं बघत होती. नुसतं म्हणाली, "आले."

मला फार वाईट वाटलं. तिनं उभं आयुष्य जपलेली गोष्ट मी माझ्या हातानं मोडली, असं वाटलं. रात्रीच्या जेवणावर मी तिला समजावत बसले, की त्या काळचे पिक्चर पुरुषांनी काढलेले असायचे, बायकांना जिंकू देणं त्यांना परवडायचं नाही, तुझा शेवटच खरा. आई हो हो म्हणत होती. तिनं भात अर्धाच खाल्ला.

दुसऱ्या दिवशी रविवार. दादाचा फोन आला. मी ओट्याशी होते. दादाचं नेहमीचं पालुपद सुरू झालं असणार, आणि आई म्हणाली, "बरं. मी परत आले की ये न्यायला."

मी हात पुसतच धावले. फोन घेऊन दादाला म्हणाले की ती नाराज आहे, काल एका पिक्चरमुळं तिचं मन मोडलंय, आत्ताच्या तिच्या बोलण्यावर काही ठरवू नकोस. दादा म्हणाला, कोणता पिक्चर? मी फोन ठेवला आणि आईला घेऊन खाली गेले. आमच्या बिल्डिंगमागं पाण्याच्या कडेनं चालायची वाट आहे. संध्याकाळी तिथं सगळी लहान पोरं सायकली घेऊन असतात. एक बाक रिकामा मिळाला.

"आई, एका पिक्चरसाठी घर सोडणारेस तू?"

"पिक्चरसाठी कोण सोडतंय?"

"मग काल असं काय झालं? तू त्या बायकांच्या जिवावर आयुष्य काढलंस. आणि आता शेवट खोटा निघाला म्हणून..."

"खोटा कुठं निघाला?" आई म्हणाली. "मीच खोटा सांगत होते. मला वाटायचं, तिथं कुणी आलंच नसणार. म्हणून मीही कधी वाट बघितली नाही कुणाची." एका पोराची सायकल जवळून गेली तसे तिनं पाय आत घेतले. "हे पण खोटंच. बघितली."

"कधी?"

"ते मोजायला आले तेव्हा. हातात भाजी होती, पण सगळं लक्ष रस्त्याकडं. माझा भाऊ येईल, ऑफिसातलं कुणी येईल, निदान शेजारचे तरी उठतील. माझे हात इतके कापत होते की बोट कापलं. रडू आलेलं तुम्हाला कळू नये म्हणून कांदे मागवले."

मी तिथंच होते. आतून कांदे मीच आणून दिले होते. आई रडतेय ते कांद्यामुळं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं आणि इतकी वर्षं तसंच सांगत आले होते. त्यावर लोक हसायचे.

"मला का नाही सांगितलंस कधी?"

"तू सगळ्यांना सांगत होतीस ना, आई वाघीण आहे म्हणून. किती आनंदानं सांगायचीस. मग मी कसं म्हणू, मला त्या घरात भीती वाटते?"

मी म्हणाले, "मग इथं राहा. माझ्याकडं राहा." माझ्या बोलण्यात एक क्षण उशीर झाला होता. त्या क्षणात मी घरातल्या खोल्या, तिचा इथं राहायचा पास, माझं पुढच्या वर्षी संपणारं कंत्राट, सगळं मोजून घेतलं होतं. आईला तो उशीर ऐकू गेला असणारच. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"तू आहेस की," ती म्हणाली. "पण तो दर रविवारी विचारतो गं. तू कधी विचारलं नाहीस."

मी खरंच विचारलं नव्हतं. मला ती तिथं, त्या घरात, एकटी आणि खंबीर हवी होती. तेवढी ती खंबीर असली की मला इथं शांत झोप लागायची.

आई परत गेली. आठवडाभर तिनं आवराआवर केली. शनिवारी सकाळी दादा पुण्याहून गाडी घेऊन निघाला आणि संध्याकाळी मला परतीच्या वाटेवरच्या एका ढाब्यावरून त्याचा फोन आला.

"मी गाडीतून उतरलो आणि ती रडायलाच लागली," तो म्हणाला. "थांबेचना. मला काही सुचेना. मी आईला असं कधी बघितलंच नव्हतं. तू बघितलंयस?"

मी म्हटलं, नाही. म्हटलं, तिला फोन दे.

"आत्ता नको," दादा म्हणाला. "मागच्या सीटवर चक्क घोरत झोपलीय. घरापासून झोपलीय ती, इथं चहाला गाडी थांबवली तरी उठली नाही."