मिठाला न जागणारा पाला

ओश शहरातल्या विद्यापीठात प्रयोगशाळेची काचभांडी धुणारी बुरुलकान दिवसाचा निम्मा वेळ स्वप्नात असायची, आणि त्यानं कामाचं काही बिघडत नसे. हात आपले चंबू विसळत राहायचे आणि ती तिकडे डोंगरउतारावर एर्गेशशी गप्पा मारत असायची. एर्गेश तिचा नवरा. दोन वर्षांपूर्वी गवत कापताना त्याच्या पायाला विळा लागला. जखम ती केवढी, बोटाच्या पेराएवढी. पण तिच्यात शिरलेले जंतू एकाही औषधाला दाद देईनात. डॉक्टरांनी पाच औषधं बदलली, सहावं त्यांच्याकडे नव्हतं.

म्हणून साल्तानात नावाची नवी संशोधक आली आणि आदिराशमानच्या काढ्यात चांदीचे डोळ्यांना न दिसणारे कण तयार करून ते असल्याच हट्टी जंतूंवर सोडायचेत म्हणाली, तेव्हा बुरुलकानचे हात पहिल्यांदाच थांबले. आदिराशमान! पाळण्याखाली, आजाऱ्याच्या उशाशी, नव्या गाडीत, जिथं तिथं ज्याची धुरी फिरवतात तो पाला!

"पाला मी आणते, पोरी," ती म्हणाली. "बाजारातल्या जुड्या धुळीत लोळलेल्या असतात."

"एजे, तुम्हाला कशाला त्रास?" साल्तानातनं तिला थोरल्या बहिणीच्या नात्यानं हाक मारली.

"त्रास कसला? काचा धुऊन धुऊन माझीच काच व्हायची वेळ आलीय."

बुरुलकानच्या माहेरची रीत अशी, की आदिराशमान फुकट तोडायचा नाही. चिमूटभर मीठ मुळाशी, चिमूटभर तोडलेल्या जुडीवर. मीठ खाल्लं की झाड मिठाला जागतं. साल्तानातनं पाला धुऊन सावलीत वाळवायला सांगितलं होतं. बुरुलकाननं धुतला, वाळत घातला, आणि त्यावर पुन्हा चिमूट टाकली. मग एर्गेशची आठवण झाली, तशी आणखी एक मूठ. कुटून पूड केली तीही तिनंच.

काढ्यात चांदीचं पाणी पडलं की रंग हळूहळू मधासारखा, मग कोऱ्या चहासारखा व्हायला हवा. तो झाला की कण तयार झाले असं समजायचं. पण चंबूत नासलेल्या दुधासारखा पांढरा साका बसला. दुसऱ्या खेपेलाही तेच. विभागप्रमुख आले, चंबू उजेडात धरला आणि म्हणाले, "पुढच्या शुक्रवारीही हेच दिसलं तर हे टेबल दुसऱ्याला देऊ." ते गेल्यावर साल्तानात स्टुलावर बसून राहिली. टेबल गेलं तर त्या जंतूंशी कुणी भांडायलाच उरणार नव्हतं.

"मीठ आहे कुठंतरी," साल्तानात म्हणाली. "मीठ लागलं की चांदी अशी पांढरी होऊन खाली बसते. एजे, रागावू नका, पण चंबू शेवटी साध्या नळाखाली तर धरत नाही ना?"

"नऊ वर्षं!" बुरुलकान कडाडली. "नऊ वर्षं तीनदा नळाचं, तीनदा शुद्ध पाणी. माझ्या काचेत मीठ सापडलं तर माझं नाव बदल!"

आणि मग तिच्या लक्षात आलं. ती फडकं हातात घेऊन नुसती उभी राहिली.

"काय झालं, एजे?"

"काचेत नाही. पाल्यात आहे." तिचा आवाज अगदी बारीक झाला. "मीच घातलं, पोरी. एर्गेशच्या नावानं जरा जास्तच घातलं."

साल्तानातनं कपाळाला हात लावला. मग ती इतकी हसली, की डोळ्यांत पाणी आलं. बुरुलकानला मात्र हसू येईना. आपण मायेनंच घात केला, हे तिच्या मनाला फार लागलं.

रविवारी ती पुन्हा उतारावर गेली. ऊन कोवळं होतं, दूरचे डोंगर हवेत तरंगत होते आणि मेंढ्या ढगांत चरताहेत की गवतात, ते कळत नव्हतं. ती आदिराशमानपुढं रिकाम्या हातांनी उभी राहिली. अशी चोरासारखी ती कधीच आली नव्हती. द्यायला काहीच नव्हतं, म्हणून तिनं त्याला सगळं सांगितलं: एर्गेशचं नाव, त्याचा पाय, पाच औषधं, शेवटच्या दिवशी त्यानं मागितलेलं थंड ताक. दोन वर्षांत हे तिनं कुणाला मोठ्यानं सांगितलं नव्हतं. झाड वाऱ्यानं हललं. तिनं तेवढी परवानगी समजली आणि पाला तोडला.

शुक्रवारी चंबू दुपारपर्यंत मधाच्या रंगाचा झाला आणि संध्याकाळी कोऱ्या चहाचा. बुरुलकान सारखी फडकं घेऊन तिथंच घोटाळत होती. विभागप्रमुख नुसतं "हं" म्हणाले, आणि टेबल राहिलं.

आणखी तीन दिवसांनी साल्तानातनं तिला एक काचेची थाळी दाखवली. थाळीभर जंतूंची पिवळट साय पसरली होती. मधोमध, जिथं चंबूतला थेंब ठेवला होता, तिथं नखाएवढा गोल स्वच्छ होता.

"हेच का ते?" बुरुलकाननं विचारलं. "एर्गेशच्या पायातले?"

"त्याच जातीचे. पण एजे, हे औषध नाही हं अजून. माणसांपर्यंत जायला कितीतरी वर्षं लागतील. कदाचित जाणारही नाही."

"माहितीय गं."

तिनं थाळी खिडकीच्या उजेडात धरली आणि त्या गोलावर काचेवरूनच बोट ठेवलं. तिच्या बोटानं तो पुरता झाकला गेला.

"जखम एवढीच होती," ती म्हणाली.